चार की चौदा? आणि सासूबाईंचं उकळलेलं पाणी

पत्र (थोडं आटोपतं करून):

सप्रेम नमस्कार ताई. आम्ही सेंट्रल जर्सीत अकरा वर्षं आहोत, माझं माहेर चिपळूणचं. यंदा नळाच्या पाण्याचा वार्षिक अहवाल पहिल्यांदाच नीट वाचला. त्यात ‘पीएफओए’ नावाच्या रसायनापुढे ७ आकडा आहे. शेजारी राज्याची मर्यादा १४, आणि पुढे ‘उल्लंघन नाही’. पण फेडरल मर्यादा ४ आहे असं मी वाचलंय. नवरा म्हणतो, राज्याचा नियम फेडरलपेक्षा ढिला असूच शकत नाही, तसा कायदाच आहे, उगाच डोकं पिकवू नकोस. नॉर्थ कॅरोलिनातली मैत्रीण म्हणते, आमच्याकडे उलट आहे, फेडरलपेक्षा कडक नियम करायलाच राज्याला बंदी. त्यात मंडळाच्या ग्रुपवर रोज येतं की वॉशिंग्टनवाले हे नियम काढून टाकताहेत. मग आमच्या राज्याचेही जातील का? आम्ही अजून एच-वन व्हिसावर, मत नाही. मग बोलायचं तरी कुठल्या तोंडानं? सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या पाणी वीस मिनिटं खळखळून उकळतात, तांब्याच्या हंड्यात भरतात आणि म्हणतात, आता काही होत नाही. धाकटी चार वर्षांची आहे.
— सातच्या आकड्यानं झोप उडालेली

उत्तर:

आधी गॅस बंद करा. बाकीचं सावकाश बोलू.

सासूबाईंचं चुकत नाही. त्यांच्या गावी पाण्यातला शत्रू जंतू होता आणि तो उकळल्यावर मरत होता. तुमचं पीएफओए पीफास कुळातलं, म्हणजे माणसानं बनवलेल्या, सहजी न विघटणाऱ्या रसायनांपैकी. ही रसायनं जिवंत नाहीत, त्यामुळे मरतही नाहीत. वाफेबरोबर जातं ते पाणी, रसायन मागे राहतं. अर्धं आटेपर्यंत उकळलंत तर तुमच्या सातचे बरोब्बर चौदा होतील. फिल्टरचं शेवटी सांगते, कारण तुमचा खरा प्रश्न फिल्टरचा नाहीच. तुम्हाला विचारायचंय की अहवालात ‘उल्लंघन नाही’ लिहिणारा माणूस खोटं बोलतोय का.

तो खोटं बोलत नाही. तुमच्या यजमानांचंही बरोबर आहे. मैत्रिणीचंही. इथेच तर गंमत आहे.

हा सातचा आकडा म्हणजे सात पार्ट्स पर ट्रिलियन. ट्रिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी. दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर एका रांगेत उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक थेंब टाका, तो झाला एक. मी नोकरीची बरीच वर्षं पाण्याचे नमुने गोळा करण्यात घालवली. पीफासचा नमुना घ्यायला जायचं त्या दिवशी पाऊस असला तरी वॉटरप्रूफ जाकीट घालायचं नाही, सनस्क्रीन लावायचं नाही, नळाच्या आट्यांना टेफ्लॉनची टेप नको, कारण या सगळ्यांतच पीफास असू शकतं. बाटली पॉलिप्रॉपिलीनची. आणि सोबत एक शुद्ध पाण्याची बाटली न्यायची, ती तिथेच उघडून दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतायची आणि ती बंद करायची. तिच्यात रसायन सापडलं, तर ते नळातून नाही, आमच्याच अंगाखांद्यावरून आलं असं समजायचं. एका थंडीत नव्या मुलानं हौसेनं नवं कोरं जाकीट घातलं होतं. अख्ख्या दिवसाचे नमुने फुकट गेले. आकडा छोटा आहे म्हणून कुणी हवेतून काढत नाही, एवढंच सांगायचंय.

आता यजमानांचा मुद्दा. चिपळूणच्या पोरीला जोतं म्हणजे काय ते सांगायला नको. पुराच्या गावात घर बांधताना जोत्याची एक उंची ठरलेली असते. तिच्यापेक्षा दोन हात वर बांधलंत तर कुणी अडवत नाही, खाली बांधायची मुभा नाही. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या पर्यावरण कायद्यांची रचना अशीच आहे. हवेच्या कायद्यात कलम ११६, नदीनाल्यांच्या कायद्यात कलम ५१०. दोन्हींचा गोषवारा एकच: राज्यानं हवं तर जास्त कडक व्हावं, फेडरलपेक्षा ढिलं होऊ नये. (गाड्यांच्या धुराचं तेवढं वेगळं. तिथे नव्या गाड्यांसाठी स्वतःचा आकडा ठरवायची वाट फक्त कॅलिफोर्नियाला. बाकीच्यांनी फेडरल घ्यायचा नाहीतर कॅलिफोर्नियाचा उचलायचा.) पिण्याच्या पाण्याचा कायदा १९७४ चा. त्यात राज्याला ‘प्रायमसी’ मिळते. म्हणजे नियम फेडरल, पण तपासणी, दंड, कागदपत्रं हा सगळा कारभार राज्याच्या हाती, आणि त्यासाठी फेडरल पैसाही. मुख्य अट ही की राज्याचे नियम फेडरलपेक्षा सैल नसावेत. वायोमिंग सोडलं तर सगळ्या राज्यांनी ही जबाबदारी घेतली आहे.

मग सात हे चारपेक्षा जास्त असून चालतं कसं?

कारण जोत्याची नवी उंची ठरली आहे, पण तुमच्या गल्लीतली घरं उचलायची मुदत अजून संपलेली नाही. ४ ची मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये आली. राज्यांना ती आपल्या नियमांत उतरवायला दोन वर्षं, आणि मुदतवाढ मागितली तर आणखी दोन. पाणीपुरवठा कंपन्यांना प्रत्यक्षात चारच्या आत यायला २०२९ पर्यंतचा वेळ. तोवर तुमच्या अहवालात राज्याचा जुना १४ उभा राहणार आणि त्याच्यापुढे तुमचा ७ गुणी बाळासारखा बसणार. उल्लंघन खरोखरच नाही. मुदत भरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि त्या १४ ला कमी लेखू नका. न्यू जर्सीनं २०१८ मध्ये पीएफएनए या रसायनासाठी १३ ची मर्यादा घातली. पीफाससाठी कुठल्याही राज्यानं घातलेली ती पहिली सक्तीची मर्यादा. त्याआधी काही वर्षं दक्षिण जर्सीत पॉल्सबरोच्या पिण्याच्या पाण्यात ते सापडलं होतं, लोकांनी रान उठवलं होतं. २०२० मध्ये पीएफओए १४ आणि त्याचं भावंड पीएफओएस १३ आले. तेव्हा वॉशिंग्टनकडे काय होतं? २०१६ ची एक सूचना, दोन्ही मिळून ७०, आणि तीही सक्तीची नाही. म्हणजे चार वर्षं तुमचं राज्य जोत्याच्या कितीतरी वर होतं. मग जोतंच वर आलं आणि राज्य अचानक खाली दिसायला लागलं. राज्यानं काही कमी केलं नव्हतं. लोकांना वाटतं राज्य मागे घसरतं ते कुणीतरी नियम ढिले करतं म्हणून. बऱ्याचदा ते नुसतं जागच्या जागी उभं असतं.

मैत्रिणीचं राज्य. तिथे २०११ पासून कायदा आहे की राज्याच्या पर्यावरण खात्यानं, काही ठरावीक अपवाद सोडले तर, फेडरलपेक्षा कडक नियम करायचा नाही. असे छोटेमोठे निर्बंध दोन डझनांहून जास्त राज्यांत आहेत. म्हणजे खाली जोतं आणि डोक्यावर लगेच पोटमाळा, मधे ताठ उभं राहायला जागा नाही. अशा राज्यात फेडरल नियम ढिला झाला की राज्याचाही त्याच्याबरोबर ढिला होतो. जून २०२३ मध्ये हे डोळ्यांसमोर घडलं. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं ‘सॅकेट’ खटल्यात पाणथळ जमिनींवरचं फेडरल संरक्षण आक्रसून टाकलं. महिनाभरात नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळानं शेतीविषयक विधेयकात घालून राज्याचं संरक्षणही त्याच आक्रसलेल्या रेषेवर आणलं. राज्यपालांनी नकाराधिकार वापरला, तो विधिमंडळानं उलटवला. त्याच निकालानंतर कोलोरॅडोनं काय केलं? २०२४ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि फेडरल हात जिथून निघाला तिथे आपला ठेवला. दोघांसाठी फेडरल कायदा एकच होता, निकालही एकच.

मैत्रिणीच्या राज्यात जेनएक्स या आणखी एका पीफासचं दुखणं आहे. केप फिअर नदी, फेएटव्हिलजवळचा रसायन कारखाना, आणि खाली विल्मिंग्टन शहर तेच पाणी पिणारं. ही बातमी २०१७ मध्ये फुटली. तेव्हा राज्याच्या आरोग्य खात्यानं १४० चं उद्दिष्ट दिलं, सक्तीचं नाही. फेडरल नियमानं २०२४ मध्ये जेनएक्सला १० ची मर्यादा घातली. ती गेली तर विल्मिंग्टनच्या नळाला सक्तीचा आधार काय उरतो? झोप उडायला हवी ती मैत्रिणीची, तुमची नाही.

आता ग्रुपवरची बातमी. मे २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, जाहीर केलं की पीएफओए आणि पीएफओएसचे ४ ठेवणार, पण मुदत २०३१ पर्यंत वाढवणार. पीएफएचएक्सएस, पीएफएनए आणि जेनएक्स यांच्या मर्यादा आणि अशी रसायनं एकत्र सापडली तर लागू होणारा मिश्रणाचा नियम मात्र मागे घेणार. जाहीर करणं म्हणजे नियम बदलणं नव्हे, हे ग्रुपवर कुणी सांगत नाही. याच कायद्यात एक खिळा ठोकलेला आहे: एकदा घातलेली मर्यादा सुधारायची तर लोकांच्या आरोग्याचं रक्षण पूर्वीइतकं किंवा पूर्वीपेक्षा जास्त झालं पाहिजे. कमी चालणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ईपीएनं स्वतःच न्यायालयाला विनंती केली की नियमाचा तेवढा भाग तुम्हीच रद्द करा. मी याचा अर्थ असा लावते की त्या खिळ्याला बगल द्यायची होती. वकील मंडळी जास्त सभ्य भाषेत हेच सांगतील.

म्हणून “फेडरल गेला तर राज्याचा जाईल का?” याचं उत्तर एका वाक्यरचनेत दडलंय. राज्याचं नियमपुस्तक उघडा आणि बघा, आकडा छापलाय की नुसता ‘फेडरल नियमाप्रमाणे’ असा हवाला दिलाय. हवाला असेल तर पुढे काय लिहिलंय? ‘अमुक तारखेला होता तसा’ की ‘वेळोवेळी सुधारला जाईल तसा’? तारीख असेल तर वॉशिंग्टननं काहीही केलं तरी राज्याचा नियम त्या तारखेला थांबलेला असतो. ‘वेळोवेळी’ असेल तर खालचा पत्ता काढला की वरचा बंगला कोसळला. तुमच्या राज्याच्या पुस्तकात पीएफएनए १३, पीएफओए १४, पीएफओएस १३ हे स्वतःचे आकडे छापलेले आहेत. ते वॉशिंग्टनच्या सहीनं पुसले जात नाहीत. उद्या ४ गेलाच तर तुम्ही १४ वर याल, शून्यावर नाही. पण पिण्याच्या पाण्यासाठी राज्यानं आकडा ठरवलाय तो पीफासपैकी या तीनच रसायनांना. जेनएक्सचं फेडरल गेलं की तुमच्याकडेही त्या खणात काही नाही.

कॅलिफोर्नियानं यावर एक उपाय करून बघितला होता. २०१९ मध्ये विधिमंडळानं एसबी-१ नावाचं विधेयक मंजूर केलं. कल्पना सोपी होती: १९ जानेवारी २०१७ ला जे फेडरल नियम होते, त्यांच्या खाली राज्य जाणार नाही, मग वॉशिंग्टन कुठेही जावो. राज्यपाल न्यूसम यांनीच ते परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, हेतू मान्य, पण यानं राज्याला कुठलाही नवा अधिकार मिळत नाही. खरी अडचण सॅक्रामेंटो–सॅन वाकीन नद्यांच्या डेल्टातल्या पाणीउपशाची आणि माशांची होती, शेतकरी आणि शहरं दोघंही हटून बसली होती. मला त्या विधेयकाबद्दल सहानुभूती आहे, पण एखादी तारीख गोठवून ठेवणं मला पटत नाही. २०१७ च्या त्या दिवशी पीएफओएला फेडरल सक्तीची मर्यादाच नव्हती. तेव्हाचं गोठवून तुम्हाला काय मिळालं असतं?

त्यापेक्षा साधी गोष्ट मागा. राज्यानं स्वतःच्या पुस्तकात १४ खोडून ४ लिहावा. हवाला नको, आकडा हवा.

मागायचं कसं, तर एच-वनचा यात काहीही संबंध नाही. नियमाच्या मसुद्यावर मत नोंदवायला मतदार असावं लागत नाही, नागरिकही असावं लागत नाही. नळाचं बिल तुमच्या नावानं येतं, तेवढं तोंड पुरे. राज्याचे प्रस्ताव ‘न्यू जर्सी रजिस्टर’मध्ये महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी छापले जातात. प्रस्ताव उघडला की सरळ ‘फेडरल स्टँडर्ड्स स्टेटमेंट’ या मथळ्यावर जा. राज्याचा नियम फेडरलच्या तुलनेत कुठे आहे हे तिथे खात्याला लिहून द्यावंच लागतं. ही पद्धत नव्वदच्या दशकात आली ती उद्योगांच्या सोयीसाठी, खात्यानं जास्त कडक होऊ नये म्हणून घातलेला लगाम होता तो. पण वाचणाऱ्याला तयार तक्ता मिळतो, त्याचा फायदा घ्या. आकडे सुचवणारी ‘ड्रिंकिंग वॉटर क्वालिटी इन्स्टिट्यूट’ म्हणून राज्याची एक सल्लागार समिती आहे, तिच्या सभा सर्वांना खुल्या असतात. शिवाय कुणीही इच्छुक व्यक्ती खात्याकडे नवा नियम करण्याची रीतसर याचिका देऊ शकते आणि खात्याला उत्तर द्यावं लागतं. मंडळाच्या ग्रुपवर फॉरवर्ड करणाऱ्या चाळीस जणांनी एकेक पान लिहिलं तर खात्याला त्यातल्या मुद्द्यांना उत्तर द्यावं लागेल. एकच मजकूर चाळीसदा पाठवू नका, तो ते एकत्र बांधून एकदाच उडवतात. प्रत्येकानं आपल्या नळाचा आकडा लिहा.

यजमानांना मात्र एक सांगा. नियम ढिला नाही म्हणून पाणी ठीक आहे, असं समजू नका. फ्लिंट आठवतंय? एप्रिल २०१४ मध्ये मिशिगनमधल्या त्या शहराचं पाणी बदलून नदीचं केलं. शिशाचा फेडरल नियम १९९१ पासून होता, राज्याला प्रायमसी होती, कागदावर कुणीही जोत्याखाली नव्हतं. पण पाइप गंजू नयेत म्हणून जे रसायन घालायचं ते घातलंच नाही आणि राज्याच्या खात्यानं आत्ता गरज नाही असं सांगितलं. ईपीएतल्याच एका तज्ज्ञानं जून २०१५ मध्ये लेखी इशारा दिला. फेडरल आणीबाणीचा आदेश निघाला तो जानेवारी २०१६ मध्ये. म्हणजे वरातीमागून घोडं. राज्याची प्रायमसी काढून घेणं हे हत्यार कायद्यात आहे, पण वॉशिंग्टन ते म्यानातून सहसा काढत नाही, कारण मग सगळा कारभार स्वतःला करावा लागतो. कुंपण शाबूत आहे का हे बघायला शेतातूनच कुणीतरी चालावं लागतं. तुम्ही अहवाल वाचलात, तेवढं चालून झालंच.

चिपळूणबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माहेर म्हटल्यावर राहवत नाही. इटलीत व्हिचेन्झाजवळ पीफास बनवणारा एक कारखाना २०१८ मध्ये बंद पडला. तिथल्या भूजलाची वाट लागली होती, त्याच्या माजी अधिकाऱ्यांना २०२५ मध्ये न्यायालयानं दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रं चिपळूणजवळच्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली आहेत. आपल्याकडेही जोत्याची पद्धत आहे बरं का. १९८६ च्या पर्यावरण नियमांत राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला केंद्रापेक्षा कडक मर्यादा घालायची मुभा स्पष्ट दिलेली आहे. पण पीफासपुरतं बोलायचं तर पिण्याच्या पाण्याला सक्तीचा आकडाच नाही. केंद्राच्या खाली जाऊ नका म्हणायचं, तर केंद्रानं आधी जोतं बांधायला हवं. माहेरी कुणी ग्रामसभेत उठून बोलणारं असेल, तर त्यांना सांगा की आधी विहिरीच्या पाण्याची तपासणी मागा. आजचा आकडा हातात नसेल तर दहा वर्षांनी कशाशी ताडून बघणार?

आता फिल्टर. दोन प्रकार चालतात, आरओ आणि चांगला कार्बन फिल्टर. खोक्यावर एनएसएफ-एएनएसआय ५३ किंवा ५८ हा शिक्का आणि त्याखाली पीएफओए, पीएफओएस ही नावं आहेत का ते बघा. नुसतं ‘चव सुधारते’ लिहिलेलं नको. फ्रिजमधल्या फिल्टरवर डोळे मिटून विसंबू नका. अख्ख्या घराला बसवायची गरज नाही, पिण्याचा आणि स्वयंपाकाचा नळ पुरे. कार्ट्रिज बदलायची तारीख मार्करनं कार्ट्रिजवरच लिहा, कारण भरून गेलेला कार्बन फिल्टर नसल्यातच जमा. आणि सासूबाईंचा हंडा मोडीत काढू नका, त्यात फिल्टरचं पाणी भरून द्या. उकळायचंच म्हणाल्या, तर चहा करायला सांगा.